टायरात रूबार्बची वाइन

आर्डिथ फेब्रुवारीत गेली, पण तिला पुरायला मे उजाडावा लागणार होता. व्हरमाँटच्या त्या डोंगरांत हिवाळ्यात गेलेल्या माणसाला थांबावंच लागतं. जमीन अशी गोठते की पहार मारली तर पहारच वाकते. म्हणून ईस्ट कॉर्बिन गावच्या दफनभूमीच्या फाटकाशी, टेकडीच्या पोटात एक दगडी खोली आहे. हिवाळ्यातली माणसं तिथे फळ्यांवर आपापल्या पेटीत पडून राहतात आणि जमीन सुटली की आपापल्या जागी जातात.

तिच्या नवऱ्याची, हार्लन स्टॉडर्डची, खोलीबद्दल तक्रार नव्हती. त्याचे आईवडीलही तिथे राहून गेले होते. त्याची तक्रार होती शेजाऱ्याबद्दल. यंदा खोलीत दोनच पेट्या होत्या आणि दुसरी क्लिफ्टन ट्रास्कची होती. कुंपणाच्या एका खांबावरून आर्डिथ क्लिफ्टनशी बोलायची बंद झाली होती, ती दोघं मरेपर्यंत बोललीच नव्हती. हार्लनने दफनभूमी सांभाळणाऱ्या मर्लला सांगितलं, तिला वरच्या फळीवर ठेव. मर्ल म्हणाला, वर क्लिफ्टन आहे, तो आधी आला. मग त्याला खाली घे, असं हार्लन म्हणाल्यावर मर्लने त्याला क्लिफ्टनच्या वजनाची आठवण करून दिली. शेवटी आर्डिथची पेटी भिंतीला चिकटवून ठेवावी आणि मधल्या जागेत एक ताडपत्री टांगावी, एवढ्यावर मिटलं.

हे सगळं एवढ्यासाठी की हार्लनला तिच्यासाठी दुसरं काही करता आलं नव्हतं. दुखणं दवाखान्याने सांभाळलं. तिला न्हाऊमाखू घालून कपडे चढवायचं काम त्या धंद्यातल्या माणसांनी केलं. चर्चच्या बायकांनी जेवण पोचवलं, आणि हार्लन तीन महिने लोकांच्या घरचे बीन्स खात होता. आता एक खड्डा तेवढा उरला होता. तो तरी आपल्या हातचा असावा, असं त्याने मनाशी धरलं होतं.

वसंतातले खड्डे खणायला मर्ल पलीकडच्या खोऱ्यातला एक ठेकेदार बोलवायचा. तो मोठं यंत्र घेऊन यायचा, मोठ्याने रेडिओ लावायचा आणि जेवायच्या वेळेपर्यंत सगळे खड्डे उरकून जायचा. आर्डिथला पैसे देऊन आणलेली माणसं खपत नसत. एकदा छपरावर माणूस आणला होता, तर ती खाली उभी राहून त्याचा प्रत्येक खिळा बघत होती आणि तो गेल्यावर शिडी लावून तिने अर्धे पुन्हा ठोकले होते.

घरी त्यांचा स्वतःचा ट्रॅक्टर होता. लहानसाच, पुढे माती उचलायची बादली आणि मागे जेसीबीसारखा खोदायचा पंजा. म्हणायला दोघांचा, पण सीटवर आर्डिथ बसायची. पाण्याचा पाइप पुरणं असो, चर काढणं असो की कुत्रा पुरणं असो, वर ती आणि खाली फावडं घेऊन हार्लन. तो बोटाने दाखवायचा, इथे खण, तिथे खण. ती वरून म्हणायची, "हार्लन, बोट नको, फावडं हलव." तिच्या हयातीत त्याने पंजा चालवायच्या दांड्यांना कधी हात लावला नव्हता.

दफनभूमीचं मंडळ तिघांचं होतं. युनिस पीझली अध्यक्ष, मर्ल, आणि क्लिफ्टनची विधवा व्हेल्मा. घरच्यांनी खड्डा खणायला मंडळाची ना नव्हती. पण युनिसने हार्लनला आठवण करून दिली की स्टॉडर्डांची जागा अगदी वरच्या भिंतीशी आहे, तिथे उतार आहे, आणि मागे असाच एक हलका ट्रॅक्टर तिथून घसरला तेव्हा दोन शिळा आडव्या झाल्या. त्यातली एक तिच्या आजोबांची होती. ट्रॅक्टर जागचा हलणार नाही अशी खात्री झाली तरच परवानगी, नाहीतर ठेकेदार येतोच आहे.

हार्लनने घरामागच्या उतारावर खणून बघितलं. दांडी ओढली. पंजा मातीत रुतला, एका दगडाला अडला, आणि मग दगड वर यायच्या ऐवजी अख्खा ट्रॅक्टर हार्लनला घेऊन मागे सरकत दगडाकडे गेला. त्याने पुन्हा ओढलं. ट्रॅक्टर पुन्हा गेला. मर्ल कुंपणावर हात टाकून बघत होता. तो म्हणाला की असंच चालू ठेवलंस तर संध्याकाळपर्यंत न खणता कॅनडात पोचशील.

मग त्याने उपाय सांगितला. मागच्या टायरांत पाणी भर, म्हणजे ट्रॅक्टर जमिनीला धरून बसेल. अर्थात नुसतं पाणी नको, रात्री अजून दंव पडतं, ते गोठेल. मिठाचं पाणी नको, ते चाकाचं लोखंड खातं. गाडीच्या रेडिएटरमधलं न गोठणारं पाणी नको, ते गळलं तर गाईगुरं मरतात. चांगले लोक बिटाचा रस भरतात. तो जड असतो, गोठत नाही, कशाला त्रास देत नाही. हार्लनने दुकानात विचारलं. बिटाच्या रसाची गाडी महिनाअखेरीला येणार होती. ठेकेदार शुक्रवारी येणार होता.

ट्रॅक्टर टेकवायला लाकडी ठोकळे हवे होते म्हणून हार्लन तळघरात उतरला, आणि तिथे त्याला आर्डिथची वाइन दिसली.

रूबार्ब ही तिकडची आंबट देठांची भाजी. परसात एकदा लावली की माणसापेक्षा जास्त टिकते. आर्डिथ दर उन्हाळ्यात तिची वाइन करायची, मोठमोठ्या काचेच्या बरण्यांत. भिंतीला लागून बरण्यांची रांग होती, पायऱ्यांखाली आणखी एक. गेल्या शरदात, दुखणं कळायच्या आधी, तिने शेवटच्या बरण्यांत मेपलचा पाक ओतला होता, जरा गोड होईल म्हणून. हार्लन ठोकळा हातात धरून तिथे बराच वेळ उभा राहिला. ओतून टाकणं त्याच्याने झालं नसतं. एकट्याने पिणं त्याहून झालं नसतं. आणि घरात असलेली वस्तू सोडून दुकानातून दुसरी आणणं हे त्या डोंगरांतल्या माणसाला जमतच नाही.

मेपलचा रस उपसायचा पंप त्याने शेडमधून काढला. चाक उचललं, फिरवून व्हॉल्व्ह वर आणला, नळी जोडली. मर्लने वास घेतला आणि विचारलं, हे काय आहे. हार्लनने सांगितलं. मर्लने पुन्हा एकदा वास घेतला. मग म्हणाला, जड आहे का? हार्लन म्हणाला, आहे. मग भर, मर्ल म्हणाला.

डावं चाक नव्या वाइनने, पाक घातलेल्या, व्हॉल्व्हपर्यंत भरलं. उजवं अर्ध्यावर आलं आणि तळघर संपलं.

मर्ल घरी जाताना दुकानात थांबला असणार, कारण दुसऱ्या दिवशी सकाळपासून माणसं येऊ लागली. कुणी थैलीत, कुणी खोक्यात, कुणी कोटाच्या आत लपवून. आर्डिथ दर नाताळात गावभर एकेक बाटली वाटायची, युनिस सोडून, कारण युनिस दारूला शिवत नसे, तिला जॅम मिळायचा. त्या सगळ्या बाटल्या परत आल्या होत्या. वर्षावर्षांच्या. बुचं जागच्या जागी. काहींच्या गळ्यात आर्डिथने बांधलेली लाल फीतसुद्धा तशीच. माणसं बाटल्या पायरीवर ठेवत, टोपी काढत, तुला उपयोग होईल ऐकलं म्हणून आणल्या असं काहीतरी पुटपुटत आणि घाईने निघून जात.

हार्लन पायरीवर बसून बाटल्यांकडे बघत राहिला. त्याला राग आला होता, पण कुणावर ते ठरेना. त्याने मर्लला विचारलं, "तूही नाही उघडलीस?"

"मी एक उघडली होती," मर्ल म्हणाला. "ज्या साली माझी गाडी शेडच्या आरपार गेली, त्या साली."

फिती सोडवून हार्लनने खिशात घातल्या आणि उजवं चाक गावाने भरलं.

गुरुवारी सकाळी तो ट्रॅक्टर घेऊन दफनभूमीच्या फाटकाशी गेला. ट्रॅक्टर आता वेगळाच चालत होता, जेवण जास्त झालेल्या माणसासारखा. मंडळ फाटकात उभं होतं, आणि फाटक बंद होतं.

"चाकांत काय आहे, हार्लन?" युनिसने विचारलं.

"वजन."

"कसलं?"

"आर्डिथची वाइन."

युनिसने बोलायच्या ऐवजी फाटकाच्या दगडाकडे बोट केलं. ज्याने ही जमीन दान दिली त्याने तो दगड कोरून घेतला होता. त्याच्या काळी खड्डे खणणारे पिऊन यायचे, आणि एकदा त्याच्या स्वतःच्या बापाच्या अंत्यविधीला खणणारा आत सापडला होता, झोपलेला. दगडावर कोरलं होतं, या भिंतीच्या आत दारू आणू नये. युनिसला दगडावरचा शब्द मोडता येत नव्हता. तिने रात्रभर विचार केला होता, असं ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावरून ते खरंही वाटत होतं.

मर्लने तोडगा काढला. दारू म्हणजे जी माणूस पितो ती. काच पुसायच्या पाण्यात अल्कोहोल असतं, ते दारू नाही, कारण ते कुणी पीत नाही. आता आर्डिथची वाइन कुणी पीत होतं का? नव्हतं. गाव साक्षीला आहे, बुचं साक्षीला आहेत. व्हेल्माने दुजोरा दिला की क्लिफ्टनने एकदा एक बाटली मोरीत ओतली, त्यानंतर ती मोरी आजवर तुंबली नाही. यावर तिघांनी आपसांत बराच काथ्याकूट केला. पिण्यासाठी केलेली पण न प्यायलेली वस्तू दारू ठरते का, आणि टायरात गेल्यावर तिचा हेतू बदलतो का. अखेर युनिसचा चेहरा सैल झाला. तिलाही वाट हवीच होती.

"हार्लन," ती म्हणाली, "तू मंडळासमोर एवढंच सांग की ही पिण्याजोगी नव्हती. मर्ल फाटक उघडेल."

हार्लनने तोंड उघडलं. दगडी खोलीचं दार तिथून दहा पावलांवर होतं, आणि जमीन सुटल्यापासून मर्ल ते हवेसाठी जरा उघडं ठेवत असे.

दर रविवारी जेवणानंतर आर्डिथ दोन पेले भरायची. स्वतःच्या पेल्याला ती नुसते ओठ लावायची आणि त्याच्या गळ्याकडे बघत राहायची, घोट खाली उतरेपर्यंत. आणि तो म्हणायचा, यंदाची बरी झालीय. दर वर्षी म्हणायचा. लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून म्हणत आला होता. त्यामुळे ती दर वर्षी आणखी करायची.

"वाइनच आहे ती," हार्लन म्हणाला. "मी दर रविवारी प्यायलोय. चांगली असायची."

मर्लने डोक्याला हात लावला. "अरे बाबा, एक शब्द बोलायचाय. आर्डिथ काही ऐकत नाहीये."

"तुला काय माहीत?"

व्हेल्मा बुटांकडे बघू लागली. युनिसने हळूच सांगितलं की मग फाटक उघडता येणार नाही, ठेकेदाराला उद्या यायचा निरोप गेलेला आहे.

हार्लनने ट्रॅक्टर वळवला. घरी जायचं तर उजवीकडे वळायला हवं होतं, पण हात तसा वळेना, म्हणून तो भिंतीच्या बाजूबाजूने वर चढत गेला. भिंत कमरेएवढी, जुन्या दगडांची, चुना न लावलेली. अगदी वर गेल्यावर त्याने ट्रॅक्टर थांबवला आणि उतरून भिंतीवरून आत बघितलं. आर्डिथची जागा समोरच होती. मर्लने चार खुंट्या ठोकून दोरी बांधली होती. भिंतीपासून ती इतकी जवळ होती की हार्लनने वाकून खुंटीला हात लावला. मग त्याने मागे वळून पंज्याकडे बघितलं, आणि पुन्हा खुंटीकडे.

तो उभा होता ती जागा ट्रास्कांच्या कुरणाची होती. तो खाली जाऊन व्हेल्माला घेऊन आला. व्हेल्माने सगळं ऐकून घेतलं. ती म्हणाली, क्लिफ्टन असता तर तुला बंदूक दाखवली असती. पण क्लिफ्टन सध्या तुझ्याच बायकोच्या शेजारी राहतोय, तेव्हा आता कुरणावरून काय भांडायचं. फक्त कालवडी आत आहेत, त्यांना बिचकवू नको.

मर्ल आणि युनिसही चढून आले. युनिस भिंतीच्या आतल्या बाजूला उभी राहिली आणि तिने नीट विचारलं की आत नक्की काय येणार.

"फक्त हात," हार्लन म्हणाला. "पंजा."

"त्यात वाइन आहे?"

"तेल आहे."

युनिसने खाली दगडाच्या दिशेने बघितलं, तो तिथून दिसत नव्हता तरी. "तेलाबद्दल काही लिहिलेलं नाही," ती म्हणाली.

कुरणाचा उतार भिंतीकडे होता. ट्रॅक्टर सरकला तर भिंत घेऊन थडग्यांवर जाणार, हे चौघांनाही दिसत होतं. हार्लनने पाठ भिंतीकडे करून ट्रॅक्टर लावला, त्याचे दोन्ही बाजूंचे आधाराचे लोखंडी पाय खाली टेकवले आणि सीट फिरवून बसला. दांड्या कुठली कशाची ते त्याला ठाऊक होतं, इतकी वर्षं खालून बघितलेलं होतं. पण खालून बघितलेलं वरून उलटं असतं. पंजा पहिल्यांदा आकाशाकडे गेला. मग डावीकडे. युनिस तीन थडगी मागे सरकली. तिसऱ्यांदा पंजा भिंतीवरून गेला, दोरीच्या आत उतरला, गवत सोललं आणि दगडाला अडला. हार्लनने दांडी ओढली. ट्रॅक्टर कण्हला, पण जागचा हलला नाही. दगडच वर आला.

तो खणत राहिला. ऊन चढलं, आणि काळे टायर तापू लागले.

मर्लला आधी ऐकू आलं. डाव्या चाकातून गुडगुड येत होती. मेपलचा पाक आणि मे महिन्याचं ऊन मिळाल्यावर आर्डिथच्या शेवटच्या वाइनने पुन्हा काम सुरू केलं होतं. उजव्या चाकातली गावाची वाइन जुनी होती, तिला आता कशाचं काही पडलं नव्हतं. डावं चाक तेवढं फुगत चाललं. ट्रॅक्टर हळूहळू उजवीकडे कलला, आणि त्याच्याबरोबर पंजा, आणि पंज्याबरोबर खड्डा. हार्लनने ट्रॅक्टरचा डावा पाय उचलून बघितला, उजवा दाबून बघितला. थोडं सरळ झालं, मग पुन्हा कललं.

शेवटी त्याने मर्लला सांगितलं, वरची हवा जरा सोड. मर्लने व्हॉल्व्हचं टोपण फिरवलं. नुसती हवा आली असती तर बरं होतं. गुलाबी फेस आला, शिट्टी वाजवत, आणि थांबेचना. मर्ल भिजला, गवत भिजलं, आणि कुरणाच्या त्या टोकाला उभ्या असलेल्या व्हेल्माच्या कालवडींनी माना वर केल्या. त्या आल्या, एकीमागे एक, आणि चाटू लागल्या. त्यांना हाकलायला व्हेल्माने टोपी हलवली. त्यांनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

"बघ," हार्लन वरून म्हणाला. "आवडतेय."

मर्लने तोंडावरचा फेस पुसला, आणि पुसताना ओठांना लागलेला चाटला. सगळे त्याच्याकडे बघत होते. त्याने बराच विचार केला. "गेल्या वेळेपेक्षा बरी आहे," तो म्हणाला.

जेवायच्या वेळेपर्यंत कालवडी ट्रॅक्टरभोवती बसल्या होत्या. एक पुढच्या चाकाला टेकून, दोन बादलीपाशी, आणि एक अशी आडवी की ट्रॅक्टर आता कुठेच नेता आला नसता. हार्लनला कुठे न्यायचाही नव्हता. तो एकेक पंजा माती काढून बाजूला ठेवत होता. हात बसला होता. आर्डिथ करायची तसंच, आधी मधली, मग कडेची. कुणी खालून बोट दाखवायला नव्हतं, त्यामुळे तो अधूनमधून थांबून खाली बघायचा आणि मग पुढे खणायचा.

खोली पुरेशी झाली तेव्हा त्याने इंजिन बंद केलं, भिंत ओलांडली आणि फावडं घेऊन कोपरे करायला आत उतरला. आत गारवा होता. वरचा आवाज तिथे कमी यायचा. भिंती कललेल्या होत्या, दोन्ही एकाच बाजूला, वाऱ्यात सापडलेल्या शेडसारख्या. त्याने तळ सपाट केला, मुळं तोडली, एक दगड उरला होता तो वर फेकला.

मर्लने वाकून बघितलं. "तिरका झालाय, हार्लन."

"हो."

"ठेकेदाराचा सरळ आला असता."

हार्लनने फावडं भिंतीला टेकवलं. "झोपायचीपण ती तिरकीच," तो म्हणाला. "मला कोपरा तेवढा असायचा."

युनिसने टेप आत सोडला, खोली मोजली, लांबी मोजली. तिरकेपणा मोजायची काही सोय नव्हती, म्हणून तो तिने सोडून दिला. पुरेसं आहे, ती म्हणाली. ठेकेदाराला क्लिफ्टनचा एकच खड्डा सांगते. मग ती आणि व्हेल्मा खाली गेल्या, दगडी खोली उघडायला आणि माणसं बोलवायला.

आता हार्लनला वर यायचं होतं, आणि ते जमेना. गुडघे नाही म्हणत होते. मर्लने हात दिला, तो पुरला नाही. शिडी खाली फाटकाशी होती. मर्ल म्हणाला की तो ट्रॅक्टरवर बसून पंजा खाली सोडतो, पंज्यात उभा राहा, वर घेतो. हार्लनने विचारलं, तुला दांड्या माहीत आहेत का? मर्ल म्हणाला, तुला तरी सकाळी कुठे माहीत होत्या.

इंजिन सुरू झालं. पंजा आधी आकाशाकडे गेला. मग एका कालवडीवरून फिरला, तिने डोळासुद्धा उघडला नाही. मग तो भिंतीवरून आला आणि धक्के खात खाली उतरून हार्लनच्या पुढ्यात थांबला, दात त्याच्या बुटांना जवळजवळ लागून.

"चढ," मर्लने हाक दिली.

"थांब जरा."

"काय झालं?"

"काही नाही. बघतोय."

मर्लने इंजिन बंद केलं. वरून कालवडींच्या श्वासांचा आवाज येत होता, आणि डाव्या चाकातली गुडगुड, आता मंद झालेली. हार्लन पंज्याच्या कडेवर बसला. उताराच्या खालून माणसांचे आवाज येऊ लागले, कुणीतरी फाटक उघडलं, कुणीतरी ताडपत्री बाजूला करा असं म्हणालं. मग तो उठला, पंज्यात पाय ठेवला, दोन्ही हातांनी लोखंड धरलं आणि मर्लला म्हणाला, "घे वर. सावकाश घे."

मर्लने सावकाश घेतलं. अर्ध्यावर आल्यावर हार्लनच्या लक्षात आलं की फावडं खालीच राहिलं. त्याने मर्लला हाताने खूण केली, आणि मर्लने काही न विचारता त्याला पुन्हा खाली सोडलं.